मनगटाएवढी फांदी

आमच्या कॉलनीत तीन इमारती, एक आवार आणि एक माळी. माळ्याचं खरं नाव हजेरीपुस्तकाबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे त्यांना कात्रीमामा म्हणत, कारण छाटणीची कात्री कायम त्यांच्या पॅंटच्या मागच्या खिशात असायची. बसतानासुद्धा ते ती काढत नसत, एका अंगावर कलून बसत. त्यामुळे मामा आरामात बसलेत असं मी कधी बघितलंच नाही.

मी पहिल्या मजल्यावर राहते. शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले, म्हणून मला सगळे बाई म्हणतात. कॉलनीच्या समितीतही आहे. तिथे माझं काम म्हणजे चहा येईपर्यंत बसायचं आणि हात वर करायचा. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे या हाताचा संबंध येणार आहे.

समितीचा पहिला नियम असा की आवारात पालापाचोळा दिसता कामा नये. म्हणून मामा रोज सकाळी सातला झाडायचे आणि पंपाच्या खोलीमागे ढीग पेटवायचे. आम्ही आपापल्या खिडक्या लावून घ्यायचो. मामांना खिडकी नव्हती. दुपारी त्यांची बायको डबा घेऊन यायची आणि त्याच धुमसत्या ढिगाजवळ, पंपाच्या खोलीच्या पायरीवर बसायची. बोलायची कमी, खोकायची जास्त. एके वर्षी तिच्या छातीनं दगा दिला आणि ती गेली. डॉक्टर म्हणाले, कारण काहीही असू शकतं. मामांचं तेवढ्यानं समाधान झालं नाही. त्यांनी मनात एक कारण धरलं आणि ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

तिनं मागे एक झाड ठेवलं होतं. म्हणजे ठरवून लावलं होतं असं नाही. पंपाच्या खोलीशेजारी तिनं टोमॅटोचं एक रोप लावलं होतं आणि त्याला आधार म्हणून तुतीची एक हिरवी काठी खोचली होती. टोमॅटो चार महिन्यांत वाळून गेला, काठीनं मूळ धरलं. पुढे ती दुसऱ्या मजल्यापर्यंत गेली. तुतं पिकली की मामांची बायको ती ओंजळीत घेऊन माझ्या दाराशी यायची आणि म्हणायची, "बाई, धुतलीत, खा." बोटं जांभळी व्हायची, तिचीही आणि माझीही.

ती गेल्यावर मामांनी एकच गोष्ट लावून धरली. दर वर्षीच्या सभेला ते दारात उभे राहायचे आणि सगळं संपत आलं की म्हणायचे, "पाला बारीक करायचं मशीन घ्या. जाळायला नको." लोक गालातल्या गालात हसायचे. चेअरमन म्हणायचे, "बघू." सात वर्षं आम्ही नुसतं बघितलं. मग शहरातच पाला जाळायला बंदी आली आणि कॉलनीला नोटीस आली, तेव्हा एका सभेत सगळ्यांना एकदम पर्यावरणाचा पुळका आला. मशीन निवडायला मामांनी जावं असं ठरलं आणि मामांवर लक्ष ठेवायला मी.

मामा त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले. पाठीवर पोतं. पोत्यात सुका पाला, कुंपणाची ओली छाटणी, काटेरी बोगनवेल आणि वाळक्या फांद्या. पहिल्या दुकानात टाय लावलेला विक्रेता ते पोतं बघून दोन पावलं मागे सरकला.

"काका, हे आत नका आणू. हा कॅटलॉग बघा."

"कॅटलॉग नंतर बघतो. आधी मशीनला काडी खाता येते का ते दाखवा."

विक्रेत्याला ते दाखवता येईना. आम्ही निघालो.

दुसरं दुकान म्हणजे पत्र्याची शेड होती आणि मालकाच्या हाताला ग्रीस होतं. मामांना ते बघूनच बरं वाटलं. तिथे तीन मशीनं होती. पहिलं पात्यांचं. चालू केलं की असं किंचाळायचं की मी कानांत बोटं घातली. सुका पाला त्यानं फटाफट उडवला, पण ओली छाटणी घातल्याबरोबर घुसमटून बंद पडलं. मालक पाना घेऊन ते उघडायला बसला. दुसऱ्यात पाती नव्हती, दात्यांचा रोलर होता. ते संथ आणि दबक्या आवाजात फांदी आपली आपणच आत ओढून घ्यायचं. मामांनी दोन्हींचा चुरा दोन तळहातांवर घेतला, चोळला, हुंगला.

"हा बघा बाई, पात्यानं कापलेला. गुळगुळीत. हा लवकर कुजायचा नाही. आणि हा चेचलेला. याचे धागे सुटलेत, याला माती पटकन धरते."

मी म्हटलं, झालं, दुसरं घेऊ. अंगठ्याएवढी फांदी ते घेत होतं. आमच्या आवाराला तेवढं पुष्कळ होतं. पण मालकानं तिसऱ्यावरचं कापड काढलं. तेही दात्यांचंच, पण दुप्पट मोठं आणि इंजिनाचं.

"मनगटाएवढी फांदी सहज घेतं, साहेब," तो म्हणाला.

साहेब! मामांनी इकडेतिकडे बघितलं, कुणाला म्हणाला म्हणून. मग बाही वर सारून स्वतःच्या मनगटाकडे बघितलं. मालकानं त्यांना खुर्ची दिली. ते कलून बसले.

"मामा, एवढी जाड फांदी आपल्याकडे असते कुठे?" मी म्हटलं.

"वादळात पडते ना, बाई. मागच्या खेपेला रॉकेल ओतून जाळली होती. मशीन घ्यायचंच तर असं घ्या, की एक काडी जाळायला उरायला नको."

मी मान्य केलं. आजवर कुणी त्या माणसाचं मत विचारलं नव्हतं. पहिल्यांदाच विचारलं तेव्हा मी आडवं कशाला यायचं, असं मला वाटलं. येताना बसमध्ये त्यांनी चेचलेल्या चुऱ्याची पुडी मांडीवर ठेवली होती आणि दोनदा उघडून बघितली.

पहिले काही महिने मामांच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले असावेत. वर्षानुवर्षं साठलेली छाटणी दोन आठवड्यांत संपली. फांद्यांचा चुरा त्यांनी झुडपांखाली घोट्याएवढ्या जाडीनं पसरला. बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडली, नाहीतर खोड सडतं म्हणाले. आमच्या चेअरमनना वाफे नीटनेटके हवे होते. ते म्हणाले, वर घाण दिसते, खणून मातीत मिसळा. मामांनी ठाम नकार दिला. ताजा चुरा मातीत गाडला की तो कुजताना मातीचाच कस ओढतो आणि झाडं पिवळी पडतात. तो वरच ठेवायचा. ओला पाला आणि सुका चुरा असे थर लावून त्यांनी खताचा खड्डाही भरला. झाडांना लागणारं पाणी निम्म्यावर आलं, तण उगवेनासं झालं. धूर बंद झाला. सकाळी सातला मी खिडकी उघडी ठेवायला लागले.

आणि मग मशीनला काम उरलं नाही.

चेअरमन कारखान्यातून निवृत्त झालेले. वापराविना पडलेलं यंत्र बघितलं की त्यांच्या पोटात दुखायचं. येता-जाता म्हणायचे, "मामा, मशीन नुसतं बसून आहे." मग एक दिवस त्यांना फाटकाजवळचं झाड दिसलं. कॉलनीच्या नावाची पाटी झाकतं म्हणे. ते गेलं. मग दोन झाडं कॅमेऱ्याच्या आड येतात म्हणून गेली. एक उगाच गेलं.

एक गोष्ट मला तेव्हा कळली आणि कळल्यावर स्वतःची लाज वाटली. आमची झाडं इतकी वर्षं आमच्या प्रेमामुळे जगली नव्हती, आमच्या आळसामुळे जगली होती. तोडलं तर एवढ्या फांद्या नेऊन टाकायच्या कुठे, ट्रक कोण आणणार, या कटकटीपायी आम्ही त्यांच्या वाटेला गेलो नव्हतो. आता प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य होतं: "आता मामांचं मशीन आहे ना."

मामा एकदा चेअरमनच्या दारात जाऊन उभे राहिले. म्हणाले, "साहेब, छाटणी वेगळी आणि तोड वेगळी. मशीन छाटणीसाठी मागितलं होतं."

"मग एवढं मोठं घ्यायला कुणी सांगितलं होतं?" चेअरमन म्हणाले.

मामा तसेच परत आले. मोठं मशीन मीही मान्य केलं होतं, हे मी चेअरमनना सांगितलं नाही.

तुतीवर सगळ्यांचा डोळा होताच. पंपाच्या खोलीजवळ आता गाड्या उभ्या राहतात. तुतं गाड्यांवर पडतात, पाखरं ती खातात आणि जांभळी घाण करतात. माझ्या दोन पांढऱ्या चादरींचा असाच सत्यानाश झाला होता आणि त्याबद्दल जिन्यात मी तोंडसुख घेतलं होतं. सभेत विषय निघाला तेव्हा मामा नेहमीसारखे दारात होते.

"ते झाड आमच्या घरच्यांनी लावलंय," ते म्हणाले.

"कुणी?" एका नव्या भाडेकरूनं विचारलं.

"आमच्या घरच्यांनी. त्या यायच्या इथे डबा घेऊन."

कुणाला काही समजलं नाही. अर्धी खोली नव्या माणसांची होती, उरलेल्यांनी तिच्याकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. तिला ओळखणारी त्या खोलीत मी एकटी होते.

"तुतं असतात तेवढे दिवस मी खाली चादर धरीन," मामा म्हणाले. "गाड्या रोज पुसून देईन."

"महिनाभर चादर धरून उभे राहणार?" चेअरमननी विचारलं.

"राहीन."

खोलीत हशा पिकला. मामाही थोडे हसले, सगळे हसतायत म्हणून. त्यांचं ते हसणं अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

मग हात मोजले. मी वर केला. कोपरातून अर्धाच केला, पण मोजताना अर्धा हातही पूर्ण धरतात. का केला याचं कारण मी पुष्कळ शोधलं. चादरींपलीकडे काही सापडलं नाही.

करवतवाले दोघे सकाळी आले आणि दुपारपर्यंत झाड आडवं झालं. बुंधा ते घेऊन गेले, फांद्या ठेवून गेले. मी खाली उतरले. मामा मशीनपाशी उभे होते, हातमोजे घालून.

"मामा, आज तुम्ही सुटी घ्या. दुसरा कुणीतरी घालेल."

"दुसरा नुसता पाला कोंबेल, बाई. अडकेल. मग ते उपसून काढायचं, परत घालायचं. त्यापेक्षा एकदाच जाऊ दे."

आणि त्यांनी ते काम नेहमीसारखंच नीट केलं. एक पाल्याची ओली फांदी, एक सुकी, एक ओली, एक सुकी. मशीन एकदाही अडकलं नाही. शेवटी एक जाड फांदी हातात घेऊन ते थांबले. हातमोजा काढला आणि ती आपल्या मनगटाशी धरली. मापात बसू नये असं त्यांना वाटत असावं. मला तर फारच वाटत होतं. पण ती बसली.

तो चुरा दोन दिवसांत तापला, सकाळी ढिगातून वाफ निघायची. मामांनी तो फाटकाजवळच्या गुलाबांवर पसरला. त्या वर्षी गुलाब असे आले की रस्त्यानं जाणारे थांबून बघत. शहराच्या स्पर्धेत आम्हाला कचऱ्याच्या सदुपयोगाचं पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षक बाईंनी चुरा बाजूला सारून माती मुठीत घेतली आणि मामांना विचारलं, "काय घालता हो यात?"

"तुती," मामा म्हणाले.

"पालापाचोळा," चेअरमन घाईघाईनं म्हणाले आणि परीक्षकांना फोटोसाठी पुढे घेऊन गेले. फोटोत मामा आहेत. कडेला आहेत, पण आहेत.

त्यानंतरच्या हंगामात, दोन गाड्यांच्या मधे उरलेल्या खुंटाला मला तीन कोंब दिसले. हिरवेगार, बोटभर. मी या वयात अक्षरशः धावत गेले. माझाच गुन्हा माफ झाल्यासारखा आनंद झाला होता मला. मामांना हाताला धरून आणलं.

ते खाली बसले. एका पानावरून अंगठा फिरवला.

"बघा मामा, परत येतंय! आता कोण हात लावतो ते मी बघते. मी बोलेन सभेत."

मामांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. एखाद्या मुलानं अशक्य काहीतरी कबूल केलं की आपण बघतो, तसं.

"तुम्ही तेव्हा तिथेच होतात की, बाई," ते म्हणाले.

मग त्यांनी मागच्या खिशातली कात्री काढली आणि तिन्ही कोंब मुळापासून कापले. एक, दोन, तीन.

"आता बोटाएवढं आहे तोवर बरं," ते म्हणाले. "मनगटाएवढं झालं की परत मलाच घालावं लागेल."

कोंब त्यांनी गुलाबांच्या वाफ्यावर टाकले आणि पाण्याची नळी उचलली.

तुती चिवट असते. दर पंधरा दिवसांनी खुंटाला नवे कोंब फुटतात आणि दर पंधरा दिवसांनी मामा तिथे जाऊन बसतात. मी गॅलरीत कपडे वाळत घालता घालता बघत असते. माझ्या चादरींवर आता एकही डाग पडत नाही.