खोडायची राहिलेली ओळ

दादा गेला ते मला एका बगीच्यात कळलं. मोहगावच्या बाजूला संत्र्याचा सौदा चालू होता. बगीचेवाला आपल्या आकड्यावरून हलत नव्हता आणि मी उठून जायचं सोंग करायच्या बेतात होतो. तेवढ्यात सौसरहून आलेल्या एका शिक्षकानं माझ्या कानाशी वाकून सांगितलं, की शामराव मास्तर सकाळी वर्गातच गेले. मी ऐकलं, मान हलवली आणि बगीचेवाल्याला माझा शेवटचा आकडा सांगितला. तो हो म्हणाला. मग मी त्या शिक्षकाकडे वळून विचारलं, "काय म्हणाले तुम्ही?" त्या माणसानं माझ्याकडे कसं पाहिलं ते आता दीड महिना झाला तरी डोळ्यांपुढून जात नाही...

दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. बाप लवकर गेला, त्यामुळे माझ्यासाठी बापही तोच. तो शिकून मास्तर झाला. मी सहावीत शाळा सोडली, संत्र्याचे पेटारे उचलले, मग पेटारे भरले, मग बगीचे ठेक्यानं घेऊ लागलो. पहिल्या बगीच्याला त्यानंच पगारातून पैसे काढून दिले. व्यवहार मात्र त्याला अजिबात जमत नसे. पांढुर्ण्याच्या बाजारात भाजीवालीनं जो भाव सांगितला तो द्यायचा आणि वर तिच्या पोराची शाळा विचारायची. मी सोबत असलो की मला लाज वाटे. मी घासाघीस सुरू केली की तो दोन दुकानं पुढे जाऊन उभा राही. भाजीवाल्या मला पाहून म्हणत, "मास्तर बरे, हा भाऊ कुठून आणला?" आणि पिशवीत मिरच्या जास्तीच्या टाकत, त्याच्यासाठी.

पांढुर्ण्यात तो जाम नदीकडच्या भागात दोन खोल्यांत सहा वर्षं भाड्यानं राहिला. आम्हाला घर मिळणं सोपं नव्हतं. आडनाव सांगितलं, की खोली कालच गेलेली असे. या मालकानं दिली, सरकारी पगार पाहून, तीनशे रुपये डिपाझिट घेऊन. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहायची फार इच्छा आहे, पण दादाला ते आवडलं नसतं.

त्र्याऐंशी साली दादाची बदली सौसरला झाली. घर सोडायच्या आधी दोन दिवस तो आणि वहिनी घर साफ करत होते. मोरी घासली, अंगण सारवलं, भिंतीचे खिळे काढून भोकं चुन्यानं बुजवली. मी म्हणालो, एवढं कोणी करत नाही. तो म्हणाला, मी करतो. किल्ली दिल्यावर आठ दिवसांनी मालकानं डिपाझिटऐवजी एक कागद पाठवला. चुन्याच्या पुताईचे ऐंशी, छपराच्या फुटलेल्या कवेलूंचे तीस, दाराच्या कडीचे दहा. आणि सगळ्यांत खाली, धुलाई व पूजा, चाळीस.

दादा तो कागद घेऊन माझ्याकडे आला. त्यानं कधी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, हे पहिलंच. म्हणाला, "मधू, तुले बोलता येते. बाकी त्याले घेऊ दे सारे. ही खालची ओळ तेवढी त्याच्या हातानं खोडून आणजो." मी म्हटलं, तू कायले काळजी करतोस, एकेक रुपया काढून आणतो. तो म्हणाला, "रुपयाचं नाही म्हणून राहिलो मी." मी मोटरसायकल सुरू केली होती. शब्द ऐकू आले, पण मी त्यांना भिडेखातर बोललेले शब्द समजलो. तो नेहमी असाच बोले आणि नेहमी ठकवला जाई, असा माझा हिशेब.

मालकानं मला ओट्यावर खुर्ची दिली. तोवर माझं नाव संत्र्याच्या बाजारात झालं होतं आणि त्याच्या भाच्याचा बगीचा माझ्याकडे यायचा होता. दीड तास आमचं चाललं. कवेलूंवर मी म्हणालो, हे तर गोटमारीच्या जत्रेत दगड येऊन फुटले, नदीपल्याडच्या सावरगाववाल्यांना बिल पाठवा. तो हसला. म्हणाला, ठेकेदार, संत्रे मोजता तसे तुम्ही माझे कवेलू मोजून राहिले. कवेलूंचे तीस गेले, कडीचे दहा गेले, पुताई वीसवर आली. मग शेवटची ओळ. तिथं त्यानं आवाज खाली केला आणि म्हणाला, घरात म्हातारी आहे जी, तिच्या मनाचं समाधान असते.

मला त्या ओळीचा अर्थ कळला नव्हता असं नाही. चांगला कळला. कानशिलं तापली. पण माझी सवय अशी, की राग आला की मी आकडा पाडतो. समोरच्याला खाली आणलं की राग निवतो. मी म्हणालो, "चाळीस कायले लागतात? पंधरात होते पूजा." तो दोन-तीनदा नाही म्हणाला आणि मग हो म्हणाला. मी त्याच्याच पेनानं चाळीसवर काट मारून पंधरा लिहिलं आणि दोनशे पासष्ट रुपये मोजून घेतले.

सौसरला जाऊन मी ते पैसे दादाच्या टेबलावर ठेवले. एकशे साठची कपात पस्तीसवर आणली होती, शाबासकीची वाट पाहत होतो. त्यानं नोटांना हात लावला नाही. कागद वाचला.

"हे पंधरा कोणाच्या अक्षरात हाये?"

"माह्या."

त्यानं कागदाची घडी घातली. मग इतकंच म्हणाला, "तू त्याचा भाव केला, मधू."

मी भडकलो. वाटेल ते बोललो. तुला व्यवहार कळत नाही म्हणून जन्मभर भाड्यानं राहिलास, असंही बोललो. ज्याच्या पगारावर माझा पहिला बगीचा झाला त्याला. वहिनी दारात उभ्या होत्या. दादा उठून आत गेला. जाताना कागद त्यानं माझ्या हाती परत दिला आणि पैसे टेबलावरच राहिले. निघताना ते मीच खिशात घातले, आणि पुढच्या हंगामात धंद्यात लावले. खोटं कशाला लिहू.

त्यानंतर चार वर्षं आम्ही भेटत राहिलो. लग्नाकार्यात, विहारात, जयंतीला. तो जयभीम म्हणे, पोरांचं विचारी. भांडण असं नव्हतंच. पण माझी पत्रं तपासून द्यायची त्याची सवय होती, चुका लाल शाईनं दुरुस्त करून तो तेच पत्र मला परत पाठवी... ती लाल शाई बंद झाली. मीही अकडून राहिलो. मनात म्हणत होतो, ज्यानं ओळ लिहिली त्याच्यावर राग नाही आणि ज्यानं ती कमी करून आणली त्याच्यावर राग, हा कुठला न्याय? हे गाऱ्हाणं मी चार वर्षं सांभाळलं.

दादाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी तो कागद घेऊन पांढुर्ण्याला गेलो. मालक आता थकला आहे. मी कागद पुढे धरला आणि म्हणालो, ही ओळ तुमच्या हातानं खोडून द्या, बाकी काही नको. त्याला आधी आठवेना. आठवल्यावर खिशात हात घालून म्हणाला, "मास्तर गेले, वाईट झालं. हे पंधरा घेऊन जा जी. खोडून आता काय होते?" मी दहा मिनिटं उभा होतो. ओरडलो नाही. त्यानं पंधराचे वीस केले, मग पंचवीस. पेन मात्र त्यानं हातात घेतलं नाही. जन्मात पहिल्यांदा असं झालं, की समोरचा आकडा वाढवत होता आणि माझ्याकडे त्याला सांगायला आकडा नव्हता.

वहिनी अजून सौसरच्या त्याच भाड्याच्या घरात आहेत. घरमालकीण समोर राहते, एकटी म्हातारी, दोन एकर कापूसवाली. परवा एक तारखेला वहिनींनी भाडं माझ्या हाती दिलं आणि म्हणाल्या, तेवढं देऊन या भाऊजी. म्हातारी ओट्यावर वाती वळत बसली होती. मला पाहून तिनं सांगितलं, की पहिल्या महिन्यात मास्तरनं पैसे ओट्यावर ठेवले आणि दोन पावलं मागे जाऊन उभा राहिला. तिनं विचारलं, हे काय? तर म्हणाला, पांढुर्ण्यात असंच द्यावं लागे. "मी म्हटलं, हातात दे ना मास्तर, मी का भूत हावो?"

सहा वर्षं. दर एक तारखेला. मला त्यानं कधी सांगितलं नाही. आणि पांढुर्ण्यातल्या त्या मालकाच्या त्याच ओट्यावर मी खुर्चीत बसून दीड तास घासाघीस केली होती.

म्हातारीनं हात पुढे केला. मी नोटा तिच्या हातावर ठेवल्या आणि वळलो, तर तिनं हाक मारली. म्हणाली, "मास्तर भाडं देऊन घडीभर थांबे. काही बोले नाही, नुसता बसे. तू बी बस."

मी बसलो. ती वाती वळत राहिली.