करडईतली घोडी

नोकरीत येळवशीचे सण पुष्कळ आले आणि गेले, पण जळकोटच्या बाजूच्या शिवारातली ती एक येळवस मी विसरलो नाही आणि कुणी सांगितलं म्हणून विसरणारही नाही. विसरा म्हणणारे होते. त्यातले एक माझे वरिष्ठ होते.

मराठवाडा तेव्हा मुंबई राज्यात नुकताच सामील झाला होता. मी हमरस्त्यालगतच्या एका ठाण्याचा फौजदार होतो. जुने जमादार अजून फिर्यादीला रपट आणि तपासाला तफतीशच म्हणायचे, वरून येणारे हुकूम मात्र मराठीत असायचे. मला दोन्ही चालायचं. काम झाल्याशी मतलब.

या हकीकतीत एक घोडी आहे. बंदुकीच्या नळीखाली बसवायचा दोन पायांचा लोखंडी टेका, त्याला आम्ही चांदमारीवाले घोडी म्हणायचो. जिल्ह्यातल्या हौशी मंडळींनी एक रायफल क्लब काढला होता, जवळच्या एका किल्ल्यापलीकडच्या माळावर निशाणं लावून स्पर्धा व्हायची आणि पोलिसांनाही बोलावणं असायचं. टेका घेऊन मारायचा गट वेगळा होता. त्या वर्षी तो जिंकायचाच असं माझ्या डोक्यात बसलं होतं, म्हणून मी घोडी निवडत फिरत होतो. ज्याची दिसेल त्याची मागून घ्यायची, पोटावर पडून दोन-चार गोळ्या मारायच्या आणि परत करायची. त्यातून एवढं कळलं, की चांदमारीला घोडी ठेंगणी हवी, वीतभर पुरे. पाय उंच झाले की नळी डुलते. बिजागरीत खेळ नको, नाहीतर दरवेळी नेम सरकतो. दिसायला देखणी आहे म्हणून तर मुळीच घेऊ नये.

क्लबात सगळ्यांत चांगली घोडी मिलिटरीवाल्याची होती. गावात त्याला याच नावानं ओळखायचे. घर धनगराचं. लढाईत डाव्या मनगटाला गोळी लागून तो पेन्शनीत आला आणि पुन्हा मेंढरांमागं लागला. मनगट साथ देत नसे म्हणून त्यानं सोलापुरात एक ठेंगणी घोडी घडवून घेतली होती. दुसरी घोडी होती एका माजी जागीरदाराच्या पुतण्याची. हैदराबादेत वाढलेला, चुलत्याकडं शिकारीच्या हौसेनं येऊन राहिलेला. त्याची घोडी विलायती, उंच पायांची, बसल्या माणसाच्या छातीला येणारी. दिवाळीआधीच्या स्पर्धेत त्याची नळी अशी डुलली की माळ हसला, आणि बक्षीस गेलं मिलिटरीवाल्याकडं. पुढच्या खेपेला मी त्याच्याकडं ती घोडी मागितली तेव्हा तो तुसडेपणानं म्हणाला, दिवाळीआधीच दुकानदाराला परत केली. मीही विषय सोडला.

आता येळवस. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला आमच्या भागात गाव ओस पडतं आणि रान भरतं. कडब्याची खोप घालतात, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील घेऊन सगळं घरदार शेतात जेवायला जातं. जेवणाआधी धनी पिकाभोवती आंबील शिंपत फिरतो. असाच एक शेतकरी आंबिलीचं मडकं घेऊन आपल्या हरभऱ्याभोवती फिरत असताना कुठूनशी गोळी आली आणि त्याच्या मांडीतून आरपार गेली. बायकामाणसं ओरडत धावली. बैलगाडीत घालून त्याला दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पाय राहील की नाही हे डॉक्टर सांगेनात.

मी दवाखान्यात त्याचा जबाब घेतला. त्यानं सरळ सांगितलं की म्या कुणाला पाह्यलं न्हाय. तेवढ्यात जागीरदारांचा कारभारी ठाण्यावर खबर देऊन गेला होता. त्याचं म्हणणं, या शेतकऱ्याचं आणि मिलिटरीवाल्याचं मेंढरं चारण्यावरून भांडण आहे, गोळी मिलिटरीवाल्याचीच, शेजारच्या करडईच्या रानात जाऊन बघा, घोडीच्या पायांची भोकं सापडतील. आणि या मुलखात घोडी लावून मारणारा तो एकटाच आहे.

पंच घेऊन गेलो. भोकं होती. आदल्या दिवशी अवकाळी सर पडून गेलेली, काळी माती ओली, त्यात दोन खोल टोचे. पंचनामा केला. खबर अशी तंतोतंत निघाली की पोलीस खूश होतो. मी झालो नाही. भोकं आहेत हे त्या कारभाऱ्याला कुणी सांगितलं, हे त्याला धड सांगता येईना. लोक म्हणत होते, म्हणे. कोणते लोक, तर तेही आठवेना.

मिलिटरीवाल्याला बोलावून घेतलं. तो रायफल, लायसन आणि घोडी घेऊन स्वतःच्या पायानं आला. भांडण झाल्याचं त्यानं लपवलं नाही. उलट म्हणाला, झालं, आन् पुन्यांदा मेंढरं अडवली तर पुन्यांदा व्हईल. जमादारांनी आवाज चढवून पाहिला, समजुतीनं घेऊन पाहिलं, कबुली दिलीस तर कलम हलकं लागेल असंही सुचवलं. तो ताठ उभा होता. शेवटी माझ्याकडं वळून त्यानं जे सांगितलं ते माझ्या कानात आहे.

"साहेब, बंदूक घ्या, लायसन घ्या. पर येळवशीच्या दिशी भरल्या रानात म्या गोळी घातली, हे माझ्या तोंडून वदवून घ्याचं आसंल, तर मला हितंच गाडा. आमच्यातला येडा गडी बी त्या दिशी बंदूक भाईर काढत न्हाय."

खरंच होतं. या मातीत वाढलेल्या माणसाला त्या दिवशी कोणत्या बांधामागं कुणाची पोरंबाळं बसलीत ते ठाऊक असतं. मारायचंच असतं तर त्याला वर्षाचे बाकीचे सगळे दिवस मोकळे होते. पण हे कोर्टात टिकणारं नव्हतं आणि वरून घाई सुरू झाली होती.

उपअधीक्षक साहेब जीपनं डाकबंगल्यावर आले. जागीरदारांकडचा डबा त्यांच्या आधी पोचला होता. साहेबांनी मला बसायला सांगितलं नाही. खुनाच्या प्रयत्नाचं कलम लावा, संध्याकाळच्या आत अटक दाखवा, बाकी लायसन रद्द करण्याचं मी बघतो, असा हुकूम झाला. म्हणजे त्या माणसाची बंदूक जाणार, पेन्शन अडकणार आणि सात-आठ वर्षं तुरुंगात जाणार. घरात बायको आणि म्हातारी, मेंढरं सांभाळायला दुसरं कुणी नाही. मी म्हणालो, तपास अपुरा आहे. साहेब म्हणाले, तपास मी सांगतो तिथं संपतो.

"मग तसा लेखी हुकूम द्या, साहेब," मी म्हणालो. "मी तो डायरीला लावतो आणि अटक करतो."

पोलीस खात्यात यापेक्षा उद्धट वाक्य नाही. साहेबांनी हुकूम काही लिहिला नाही आणि तुमचं बघून घेतो एवढंच म्हणाले. बघून घ्या म्हटलं. मनात म्हटलं, पण म्हटलं.

तिथून निघालो तो थेट करडईच्या रानात. मिलिटरीवाल्याची घोडी बरोबर घेतली होती. त्या दोन भोकांपाशी ती टेकवायला गेलो तर तिचे पाय कितीही फाकवले तरी भोकांपर्यंत पोचेनात. पण कुणी म्हणेल, एक पाय उचलून दोनदा टोचला असेल. म्हणून बंदूक चढवली आणि वर्दीसकट पोटावर पडलो. करडईचे काटे ज्याला लागलेत त्यालाच कळेल. पीक गुडघाभर झालं होतं. नळीपुढं मला दिसली ती करडईची खोडं, पानं आणि एक मुंगळा. हरभरा दिसला नाही, खोप दिसली नाही, हरभऱ्याच्या कडेला मुद्दाम उभे केलेले जमादार तर मुळीच दिसले नाहीत. पंच खो खो हसत होते. मी म्हणालो हसा, पण तुम्हीही पडून बघा आणि काय दिसतं ते सांगा. दोघंही पडले, दोघांनीही तेच सांगितलं आणि ते मी पंचनाम्यात घेतलं. गोळी मारणारा इथं बसून मारत होता. त्याच्यापाशी उंच घोडी होती. तशी घोडी मी आयुष्यात एकच पाहिली होती, आणि ती म्हणे दुकानदाराला परत गेली होती.

पुतण्याला मी बोलावलं नाही. अटक का होत नाही हे विचारायला तो आपणहून आला. मी चहा मागवला. टेबलावर ठेंगणी घोडी ठेवलेलीच होती. खटल्याचा शब्द न काढता मी स्पर्धेचं बोलू लागलो. हीच घ्यावी म्हणतो, असं म्हणालो. तिची बिजागरी, तिचे पाय, सगळ्याची तारीफ केली. मग म्हणालो, तुम्ही ती उंच घोडी परत केलीत ते बरं केलंत, तसल्या डुलणाऱ्या सांगाड्यावरून हत्तीला मारलं तरी लागायचं नाही.

चांदमारीवाल्याला शिवी द्या, तो सोसेल. त्याच्या हत्याराला नावं ठेवली की त्याला राहवत नाही. हे मला माझ्यावरूनच माहीत होतं. त्याचे कान लाल झाले.

"तुमच्या माळावर डुलते, ती जमीन दगडाची आहे म्हणून," तो म्हणाला. "उभ्या पिकात हे ठेंगणं काय दाखवणार तुम्हाला? करडईत बसा, पाय ओल्या मातीत रोवा, मग बघा ती हलते का."

मी कप खाली ठेवला. विचारलं, घोडी दिवाळीआधीच परत केलीत ना? दिवाळीनंतर थेंब पडला तो येळवशीच्या आदल्या दिवशी. मग ओल्या करडईत ती कधी रोवलीत?

तो चुलत्यांना बोलवा म्हणाला. बोलावले. चुलत्यांनी पुष्कळ आवाज केला, माझं मूळ-कूळ काढलं, मुंबईपर्यंत जाण्याची भाषा केली. मी जा म्हणालो. त्यांचं चालू असतानाच पुतण्याला रडू फुटलं. घोडी गोठ्यातल्या कडब्याखाली निघाली, पायांना काळी माती वाळून चिकटलेली. पंचांसमोर भोकांत उभी केली, बरोबर बसली. तो काळविटामागं गेला होता. काळवीट उधळलं तरी चाप ओढला. पलीकडं माणसं असतील हे त्याच्या ध्यानातही आलं नाही, कारण येळवशीला रान भरतं हे हैदराबादेत त्याला कुणी सांगितलं नव्हतं. इथवर ती चूक होती. तशीच येऊन सांगितली असती तर मीही चूकच म्हणालो असतो. पण स्पर्धेत आपल्याला हरवणाऱ्या माणसाच्या गळ्यात ती घालायची ठरवली, तिथं तो गुन्हेगार झाला.

दोषारोपपत्र मी माझ्या हातानं लिहिलं आणि यथावकाश पुतण्याला शिक्षा झाली. पण पुढची चांदमारी व्हायच्या आत माझी बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, ईट गावाच्या बाजूला झाली, कारण 'प्रशासकीय'. स्पर्धा हुकली, घोडी घ्यायची ती राहिलीच. एवढी वर्षं झाली, त्या बदलीचं मला एका दिवसाचंही वाईट वाटलेलं नाही. या प्रकरणानं मला एकच शिकवलं आणि पुढं हाताखालच्या प्रत्येक नव्या फौजदाराला मी ते सांगत आलो. आरोपी जिथून गोळी मारतो तिथं स्वतः जाऊन पडा. काटे लागतील, पंच हसतील, साहेब रागावतील. पडल्याशिवाय त्याला काय दिसत होतं ते कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय कुणाला बेडी घालायचा आपल्याला हक्क नाही.

पुढच्या येळवशीला मिलिटरीवाल्याचा निरोप आला. गोळी लागलेला शेतकरी काठी टेकत का होईना, स्वतःच्या पायांनी हरभऱ्याभोवती आंबील शिंपणार होता, आणि मडकं धरायला त्यानं मिलिटरीवाल्यालाच बोलावलं होतं. साहेब, तुमी यायलाच पायजे, असा सांगावा होता. मी रजेचा अर्ज टाकला. तो उपअधीक्षक साहेबांकडून नामंजूर होऊन आला. मी गेलो, खोपीत बसून दोघांच्या मधे पोटभर जेवलो, आणि साहेबांनी गैरहजेरीचा खुलासा मागवला तेव्हा खरं कारण लिहून दिलं.