खोडलेलेही वाचता यावे

मुलुंडमधल्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत दर्शना वाघमारे यांनी एकवीस वर्षे एक व्रत सांभाळले होते. नोंदवहीत चूक झाली तर ती पुसायची नाही. तिच्यावरून एकच रेघ ओढायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी सही व तारीख. चव्वेचाळिसाव्या वर्षी त्या कोडिंग शिकू लागल्या, तेव्हा हाच आचार त्यांनी एका दोनशे पानी वहीत नेला. कोणत्या दिवशी प्रोग्रॅम कुठे अडला, काय समजले नव्हते, ते पुढे कसे उमगले, अशी नऊ महिन्यांची साधना त्या वहीत उतरली.

मग कारखान्याच्या संगणक विभागात एक जागा निघाली. दर्शनांनी औषधांच्या नमुन्यांच्या नोंदी पडताळणारा प्रोग्रॅम सादर केला. शिकताना केलेल्या कामाची वहीही मुलाखतीला आणायची होती. तिथे शाळेतले जुने संस्कार आडवे आले. खाडाखोडीची वही साहेबांपुढे कशी ठेवायची? रविवारभर बसून त्यांनी सुवाच्य, निर्दोष प्रत तयार केली आणि तीच नेली.

विभागप्रमुख अनिरुद्ध यांनी पाने चाळली. "ताई, नऊ महिन्यांत एकही चूक नाही? कोणाकडून करून घेतलंत ते तरी सांगा. भाच्याकडून, की एआयकडून?" शेजारी बसलेला त्यांचा सहायक हर्षद खुदकन हसला. दर्शनांच्या मूल्यांकनपत्रावर अनिरुद्धांनी एकच शब्द लिहिला: नक्कल.

दर्शना उठल्या. घर दहा मिनिटांवर होते. त्या दहा मिनिटांत संताप पावलापावलाला वाढत गेला. साहेबांवरचा होताच; त्याहून दाहक होता तो स्वतःवरचा. ज्या चुकांनी आपल्याला शिकवले, त्यांनाच आपण लाजून कपाटात कोंडून आलो होतो.

कपाटातली मूळ वही घेऊन त्या परत आल्या आणि ती अनिरुद्धांच्या टेबलावर ठेवली. "कुठलंही पान काढा, सर."

अनिरुद्धांनी तीन पाने काढली. तिन्ही वेळा दर्शनांनी तीच चूक संगणकावर पुन्हा करून दाखवली, आणि मग सुधारून दाखवली. चौथे पान उघडले गेले नाही. गैरसमज झाला, असे काहीसे पुटपुटत अनिरुद्धांनी खणातून व्हाइटनर काढला.

"तो ठेवा," दर्शना म्हणाल्या. आवाज जराही चढला नव्हता. "आपल्या कारखान्यात पुसत नाहीत. एक रेघ मारा. तुम्ही काय लिहिलं होतंत, ते वाचता आलं पाहिजे."

हर्षद आता हसत नव्हता. पेन क्षणभर अधांतरी थांबले; मग रेघ ओढली गेली, शेजारी सही झाली. अनिरुद्धांनी कागद मिटायला घेतला.

"तारीख राहिली, सर."