वरची सही माझी

रशीदभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी यवतमाळला लेकीकडे होतो. आमच्या दिग्रसला परत पोहोचेपर्यंत दफन आटोपलं होतं. खरं सांगायचं तर उशीर झाला याचं मला बरंच वाटलं... त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायची माझी हिंमत नव्हती.

रशीदभाई पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. दुकानामागच्या खोलीत मात्र त्यांची पऱ्यांची पुस्तकं होती. जुनी, सचित्र, आता कुठंच न मिळणारी, आणि प्रत्येकावर चित्रकाराची सही मिळवायचा नाद. मुलगी शबाना लहान असताना तिनं विचारलं होतं, "अब्बा, परी कशी दिसते?" तिला दाखवायला चित्र शोधत हा माणूस नागपूरच्या रद्दीवाल्यांपर्यंत गेला, आणि पुढं आयुष्यभर शोधतच राहिला. बाजारात लोक हसायचे. मी शाळेत मराठी शिकवणारा, त्यांचा मित्र. मीही हसायचो, त्यांच्या माघारी.

आठेक वर्षांपूर्वी मी पुतण्याच्या लग्नाला पुण्याला निघालो. त्यांनी कापडात गुंडाळलेलं एक पुस्तक माझ्या हाती दिलं. "सर, याची चित्रं काढणाऱ्या बाई तिथंच राह्यतात. लई म्हाताऱ्या झाल्या म्हणतेत. तेवढी सही घेऊन या." बाईंचं घर मंगल कार्यालयापासून जवळच होतं. मी गेलो नाही. ऊन होतं, पोटभर जेवण झालं होतं, आणि मनात आलं, मोटारी दुरुस्त करणाऱ्याला काय कळणार? परतताना बस ढाब्यावर थांबली, तिथं मी डाव्या हातानं बाईंची सही ठोकून दिली.

रशीदभाई ते पान कितीतरी वेळ पाहत राहिले. "काही बोलल्या का बाई?"

"म्हणाल्या, दिग्रसला माझं पुस्तक कुणी इतकं जपतं, फार बरं वाटलं."

हे वाक्य ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचे. दीडदोन महिन्यांनी ऐकवणं बंद झालं. का, ते मी विचारलं नाही. त्यांनी पुन्हा माझ्यासोबत पुस्तकही पाठवलं नाही. चहा मात्र दर वेळी मागवला.

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर शबानाकडे गेलो. तिनं तेच पुस्तक माझ्यापुढं उघडलं. वर माझी सही. खाली तेच नाव, थरथरत्या अक्षरात, आणि शेजारी पेन्सिलनं काढलेली बोटभर परी.

"वरची माझी आहे," मी कसंबसं म्हणालो.

"मले माहीत हाये, सर." ती शांतपणे सांगू लागली. अब्बांनी बाईंना आभाराचं पत्र लिहिलं होतं. बाईंचं उत्तर आलं, 'माझ्याकडे कुणीच आलं नव्हतं.' मग बापलेक दोघं पुण्याला गेले. "बाईनं पान पाह्यलं अन् इचारलं, ही सही कोणाची? अब्बा म्हणले, माह्या मित्राची. बस, एवढंच. येताना मले म्हणले, सरायले सांगू नको, लाज वाटन त्यायले."

आठ वर्षं मी त्या घरचा चहा पीत होतो...

शबाना आता रविवारी मोहल्ल्यातल्या मुलींना त्या खोलीत जमवणार आहे. "वाचून दाखवाले याल का?" तिनं विचारलं. मी पुस्तकाकडे हात नेला.

"थांबा सर, आधी हात धुवा. अब्बाचा नेम हाये. तेलकट हात पुस्तकाले लागू द्याचे नाहीत."

माझे हात काही तेलकट नव्हते. तरी उठून अंगणातल्या नळावर गेलो. विटेवर त्यांचा साबण होता, काळपट, मधोमध झिजून पातळ झालेला. तो उचलायला मला बराच वेळ लागला.