आक्काच्या भाड्याची हुंडी

आमच्या आक्काला पंचमीला माहेरी येऊ दिलं नाही ते तिच्या सासूनं नव्हे, नवऱ्यानं नव्हे, निजाम सरकारनंही नव्हे. ते मी केलं, आणि तत्त्वासाठी केलं.

आक्का सोलापूरला दिलेली. दाजी गिरणीत. तीन पंचम्या ती आली नव्हती. यंदा तिचं पत्र आलं, "भाड्याचं धाडा, लेकराला घेऊन निघते." मायनं त्याच दिवशी लिंबाला झोका बांधायला लावला. (पंचमीला अजून महिना होता. रिकामा झोका हलला की माय उगीच दाराशी जाऊन यायची.)

मी पाटोद्याच्या बाजारात शेटजींच्या पेढीवर गेलो. त्यांनी हुंडीचा कागद काढला. "हुंडणावळ पडंल. वर हाली रुपयाचे कलदार करायचा बट्टा."

"कावून? दोन ओळी खरडायचे पैसे?"

"ओळीचे न्हाईत, मालक. तिकडं सोलापुरात माझा मानूस कलदार घेऊन बसलेला हाय. ही चिठ्ठी बघून तो तुमच्या बहिणीला पैसे देणार. त्याच्या बसण्याचे हायेत. आन् तुमचे रुपये निजामाचे. तिकडं इंग्रजाचे चालतात."

"चांदी ती चांदी. आज बसण्याचे घेता, उद्या उभं राहण्याचे घ्याल."

"उभ्या उभ्या होत असतं, तर तुमी माझ्याकडं कशाला आले असते?"

ह्या अपमानाला मी पत्रकातून उत्तर दिलं. 'हुंडणावळीचा जुलूम', पानं चार. छपाईला हुंडणावळीच्या कैकपट पैसे गेले, पण ते तत्त्वावर गेले! शेटजींनी एक प्रत आवर्जून मागून घेतली आणि तिच्यात सुपारी बांधली.

मग मी निजामाचे ते रुपये गोधडीत शिवले आणि तुपाचे डबे घेऊन सोलापूरला निघालेल्या सोपानकाकांच्या हवाली केले. गोधडी पोचली. हुंडणावळ शून्य, बट्टा शून्य. गावाला मी सांगून ठेवलं, "पंचमीच्या आदल्या दिवशी वेशीत या. बिनहुंडणावळीची आक्का बघा." भाषणही पाठ केलं.

आक्काला आणायला मीच बैलगाडी घेऊन बार्शी स्टेशनावर गेलो. गाडी आली. सगळे उतरले. आक्का नाही. पुढच्या गाडीनं तिच्या गल्लीतल्या एक बाई आल्या आणि त्यांनी चिठ्ठी हातात ठेवली.

"गोविंदा, तिकिटाच्या बाबूनं रुपयावरचा चारमिनार बघितला आन् म्हनला, हा हितं चालत न्हाई. लेकराला काखेत मारून सराफाकडं जाऊन येईस्तोवर गाडी गेली. घरी परतले तर सासूबाई म्हनल्या, भावाला भाडं धड धाडता येईना, तिथं जायचं कशाला. माय झोका बांधती का रे अजून?"

रिकामी गाडी घेऊन मी वेशीत आलो. तत्त्वाचा विजय बघायला अख्खं गाव जमलेलं. माय सगळ्यांच्या पुढं. तिनं गाडीत वाकून बघितलं. मग गवत उचलून बघितलं, जणू आक्का खाली ठेवली असावी.

"पोरगी कुटं हाय?"

मी चिठ्ठी वाचून दाखवली. पाठ केलेल्या भाषणापेक्षा ती परिणामकारक ठरली. लोक आपापल्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मायनं पुरणाची दिंडं केली आणि आक्काच्या वाटणीची झाकून ठेवली. ती संध्याकाळी मला खायला दिली. माझा त्यांच्यावर हक्क नव्हता. (तरी चार खाल्ली.)

मग माय म्हणाली, "कागद घे. दिवाळीला ये म्हनून लिही. पैसे शेटजीच्या हातानं जातील. मी सांगून आले."

"आन् हुंडणावळ?"

"देते की. तिकडं एक मानूस माझ्या लेकीसाठी बसून ऱ्हातो. त्याला नको का द्यायला?"

मी लिहिलं. मायनं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. माझं लिखाण कुणी दोनदा ऐकण्याची ही पहिलीच वेळ. सबंध कागदावर एकच वाक्य होतं, आणि तेही मायचं.