हाताला कोण सांगणार?

भाऊसाहेब गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात त्याच्याच नावाने खडे फोडत होतो, सकाळपासून फोन उचलत नव्हता म्हणून. त्याच्या धाकट्या भावाने एवढंच सांगितलं, "दादा झोपेतच गेला." मी वेड्यासारखं विचारलं, "मग उठवलं का नाही?"

श्रीगोंद्याजवळच्या मळ्यात बसून तो आमच्या कंपनीचं काम करायचा. ढीगभर कामं अनेक संगणकांवर वाटून देणारं एक सॉफ्टवेअर आम्ही वापरतो. जगभरचे लोक मिळून ते फुकटात घडवतात. त्याला हुकूम टाइप करून द्यायचे आणि हुकमापुढे बारीकसारीक सूचना जोडायच्या, त्यांना फ्लॅग म्हणतात. पण 'काम गुपचूप कर' एवढं सांगायला एका हुकमात एक शब्द, दुसऱ्यात दुसरा, तिसऱ्यात नुसतं एक अक्षर! भाऊसाहेबाचं डोकं फिरायचं. "सगळीकडं एकच शब्द पायजे," म्हणत त्याने दुरुस्ती पाठवली आणि जुने शब्द सरळ उडवले. सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांनी ती परत केली, कारण लोकांची चालू कामं बंद पडली असती. "आळशी हायेत लेकाचे!" म्हणून हा धुमसत बसला.

त्याच रागात त्याने मळा सुधारायला घेतला. एका विहिरीवर मोटरीचा खटका वर केला की चालू, दुसरीवर खाली केला की. याने दुसरा खटका उलटा बसवला आणि कुणाला सांगितलं नाही. सकाळी वडिलांनी सवयीने खटका खाली ओढला. मोटर गप्प. त्यांनी वीजवाल्यांचा उद्धार केला, मेकॅनिक बोलावला. मेकॅनिक गावातलाच, त्यानेही खटका खालीच ओढला. हा डोळे चोळत आला तोवर मोटर विहिरीबाहेर निघाली होती...

"आरं, माझ्या हाताला ठावं हुतं!" वडील ओरडले. "आता हाताला कोन सांगनार?"

हे सांगताना भाऊसाहेब हसून लोळायचा. पण त्यानंतर त्याने दुरुस्ती नव्याने लिहिली. नवा शब्द सगळीकडे एकच, आणि जुनाही काही काळ चालत राहील. मग रोज मला फोन, "काय म्हन्ले का रं?" मंजुरी आली तेव्हा त्याचा दहावा होऊन गेला होता. मला त्या मंडळींचा फार राग आला, अजूनही आहे.

परवा मी सवयीने जुना शब्द टाइप केला. काम झालं, आणि खाली भाऊसाहेबाने लिहिलेली ओळ उमटली, त्याच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत: हा शब्द अजून चालतो, पण नवा वापरा, सावकाश होईल सवय. मला रडू आलं.

नवा शब्द आता मला पाठ आहे. तरी रोज एकदा मी जुनाच टाकतो. पुढच्या आवृत्तीत जुने शब्द काढणार आहेत, त्यांच्यासोबत ती ओळही जाईल. ऑफिसातून सारखं सांगतात, अपडेट करून घ्या. मी हो म्हणतो, आणि करत नाही.