भारद्वाजाच्या चित्रावरचं कुंकू

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी प्राणिशास्त्राच्या सरांनी मला वर्गात निबंध वाचायला सांगितला. विषय होता, पक्ष्यांच्या जुन्या चित्रांमधले अर्थ. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वर्गात तोंड उघडायला घाबरायचे. सरांनी विभागातलं जुनं चित्रांचं पुस्तक कांदिवलीला आमच्या खोलीवर न्यायला दिलं. म्हणाले, "जपून हं. हे मी कुणाला देत नाही."

वाचून एवढं कळलं, की फार पूर्वी युरोपातले चितारी पक्ष्यासोबत शिकवणही रंगवत. पेलिकन स्वतःची छाती फोडून पिल्लांना रक्त पाजतो, म्हणजे त्याग. क्रौंच एका पायात दगड धरून उभा. डोळा लागला की दगड पडणार, म्हणजे सावधपणा. पुढे इंग्रजांच्या काळात आपल्याकडे काढलेल्या चित्रांत मात्र पीस न् पीस हुबेहूब, खाली लॅटिन नाव, बस. मी शेवटी लिहिलं, 'या चित्रांतून अर्थ निघून गेला, फक्त पक्षी उरला.' ते वाक्य मला फार आवडलं होतं. आदल्या दिवशी निबंध सरांनाही वाचायला दिला होता.

निबंधाच्या दिवशी सकाळी भारद्वाजाचं पान उघडं ठेवून मी आंघोळीला गेले. येऊन बघते तर त्याच्या डोक्यावर हळदकुंकू.

"आई! काय केलंस हे?"

"अगो, कुंभारकावळो घराक इलो. तसोच कसो धाडू?" आमच्या गावी भारद्वाजाचं नाव हेच, आणि तो सकाळी दिसणं शुभ. "आज तुजी परीक्षा ना?"

बाबा दाढी अर्धवट टाकून वाकले. "वाट लागली. पुसू नको, पसरेल. त्या चिताऱ्याने बघितलं असतं तर तुझ्या आईलाच पिंजऱ्यात घातलं असतं!"

"घालूंदेत. आधी माझ्या पोरीक पास करूंदेत."

मला हसूही येईना. यापुढे सर माझ्यावर कसला विश्वास ठेवतात, हेच डोक्यात.

वर्ग भरण्याआधीच मी सरांसमोर पान उघडलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं.

"मग तुझं शेवटचं वाक्य चुकलं की गं."

मी तिथेच ते खोडलं. निबंध संपल्यावर आईचं कुंकू वर्गाला दाखवलं आणि कागदाविना बोलले. मुलं पुढे सरकून बघत होती.

सरांनी पानावर पातळ कागद घातला. "आता पुस्तक इथेच बसून वाचायचं. पुढे घुबडाचं पान आहे. तुझ्या आईचा काही भरवसा नाही."